सर्पदंशाने मृत्यू : एका नोंदीचा इतिहास

भारतीय दंड संहितेच्या ३२४ आणि ३२६ या कलमांत घातक साधनांची एक यादी होती. गोळी झाडण्याचे, भोसकण्याचे वा कापण्याचे हत्यार, आग किंवा तापलेला पदार्थ, विष, दाहक द्रव्य, स्फोटक पदार्थ, आणि सर्वांत शेवटी ‘कोणताही प्राणी’. ही संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. १ जुलै २०२४ रोजी तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नव्या संहितेच्या ११८ व्या कलमातही प्राणी आपली जागा राखून आहे. दीडशेहून अधिक वर्षे कायद्याला हे ठाऊक आहे, की माणूस माणसाला जनावराच्या दातांनी इजा करू शकतो.

मात्र याच कायद्याच्या शेजारी दुसरी एक तरतूद आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४. एखाद्याने आत्महत्या केली, एखाद्याला दुसऱ्या माणसाने, प्राण्याने किंवा यंत्राने मारले, किंवा अपघाताने मृत्यू आला, तर पोलिसांनी जागेवर जाऊन पंचनामा करावा, असे ती सांगते. येथे प्राणी हा मारणारा आहे, हत्यार नव्हे. पहिल्या कलमात प्राण्यामागे माणूस उभा आहे. दुसऱ्यात प्राणी एकटाच आहे. सर्पदंशाने झालेला मृत्यू या दोहोंपैकी कोणत्या कलमाखाली जाईल, हे प्रत्यक्षात एकाच गोष्टीवर ठरते : पंचनाम्याच्या वेळी कोणी काही विचारले का?

माझ्या नोकरीचा मोठा भाग तक्ते, विवरणपत्रे आणि त्यांतील रकाने यांच्या सहवासात गेला. त्या सहवासातून एक गोष्ट मनावर ठसली आहे. प्रत्येक रकाना हा एका प्रश्नाचे उत्तर असतो, आणि उत्तर लिहून झाले की प्रश्न संपतो. ‘मृत्यूचे कारण : सर्पदंश’ ही नोंद अशीच आहे. प्रस्तुत लेखात या नोंदीचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा हेतू आहे. कारण सापाकरवी केलेल्या खुनाचे खरे रहस्य सापाच्या विषात नसून या नोंदीत आहे, असे माझे मत झाले आहे.

इंग्रजी रहस्यकथेपासून सुरुवात करणे येथे अप्रस्तुत होणार नाही. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द स्पेकल्ड बँड’ ही शेरलॉक होम्सकथा फेब्रुवारी १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात प्रसिद्ध झाली. पुढे १९२७ साली लेखकाने स्वतःच्या आवडत्या होम्सकथांची यादी केली, तेव्हा तिला पहिले स्थान दिले. कलकत्त्यात वैद्यकी करून परतलेला एक डॉक्टर आपल्या सावत्र मुलींचा काटा काढण्यासाठी भारतातून आणलेल्या सापाचा उपयोग करतो. मुलींचे लग्न झाले, की त्यांच्या आईच्या संपत्तीचा वाटा हातचा जाणार, हा हेतू. झरोका, खाली सोडलेला घंटेचा दोर, बशीभर दूध आणि परत बोलावण्याची शीळ, अशी सारी सिद्धता आहे. सर्पशास्त्राच्या दृष्टीने यातील बहुतेक गोष्टी टिकणाऱ्या नाहीत. कथेत सांगितलेल्या नावाचा साप भारतात नाही. साप दुधावर पोसला जात नाही आणि कुत्र्यासारखा शिळेला ओ देत नाही. नागपंचमीला वाटीभर दूध ठेवणाऱ्या आपल्या समाजाने डॉयल यांना फार हसू नये, एवढे मात्र खरे.

पण कथेतील खुन्याचा हिशेब शास्त्राचा नव्हता. तो प्रशासनाचा होता. इंग्लंडमधल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने असा दंश आयुष्यात पाहिलेला नसणार, त्यामुळे दोन बारीक व्रण त्याच्या नजरेतून निसटतील, हा तो हिशेब. तेथे साप लपतो तो दुर्मिळतेमुळे. भारतात हेच गणित उलटे होते. येथे दंशाचे व्रण कोणीही ओळखतो. गावचा पोलीस पाटील ओळखतो, डॉक्टर ओळखतो, शेजारीही ओळखतात. आणि ओळखले की चौकशी थांबते. येथे साप लपतो तो नित्याचा असल्यामुळे.

हे नित्याचेपण किती मोठे होते, याची पहिली पद्धतशीर मोजणी जोसेफ फेरर या कलकत्त्याच्या शल्यविशारदाने केली. १८७२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतातील विषारी सापांवरील सचित्र ग्रंथ आजही वाखाणला जातो. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र त्यातील चित्रांहून तक्ते मोलाचे आहेत. फेरर यांनी सरकारमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांतून १८६९ या वर्षाची माहिती मागवली. मद्रास व मुंबई हे इलाखे वगळून उरलेल्या मोठ्या प्रदेशात त्या एका वर्षात सर्पदंशाने ११,४१६ मृत्यू झाल्याचे दिसले. पुढे अशी वार्षिक विवरणपत्रे हा सरकारी कामकाजाचा नेहमीचा भाग झाला. एका रकान्यात वाघ, बिबटे, लांडगे व साप यांनी मारलेली माणसे. शेजारच्या रकान्यात माणसांनी मारलेली ही जनावरे आणि त्यापोटी दिलेले बक्षीस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा वार्षिक आकडा वीस हजारांच्या आसपास स्थिरावलेला दिसतो.

बक्षिसाच्या या रकान्याचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. दंड संहिता लागू झाली त्याच वर्षी, डिसेंबर १८६२ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर इनाम लावण्यात आले, आणि जेमतेम आठवड्याभरात एक लाख पंधरा हजारांहून अधिक मेलेली फुरशी सरकारदरबारी जमा झाली. अर्थशास्त्राच्या वर्गात दिल्लीच्या नागांची गोष्ट हमखास सांगतात : इनामासाठी लोकांनी नाग पाळले, इनाम बंद झाल्यावर ते सोडून दिले आणि नाग पूर्वीपेक्षा वाढले. तिला भक्कम दप्तरी पुरावा नाही. रत्नागिरीच्या फुरशांना तो आहे, आणि त्यातला धडाही कमी बोलका नाही. सरकारने ज्या रकान्यासाठी पैसे दिले, तो रकाना भरला. माणसे कशी मेली, कोठे मेली, दंशानंतर किती वेळाने मेली, या रकान्यांसाठी कोणी काही देऊ केले नव्हते. ते रिकामेच राहिले.

या विवरणपत्रांवर त्या काळातही शंका घेतली जात असे. सर्पदंशाच्या नावाखाली काही खून पचत असावेत, विशेषतः घरातल्या स्त्रियांचे, हा संशय अधिकाऱ्यांच्या व डॉक्टरांच्या लेखनात वारंवार डोकावतो. सर्पविष हत्यार म्हणून वापरण्याची कल्पनाही परकी नव्हती. जयसिंग मोदी यांच्या न्यायवैद्यकाच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाने वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या अनेक पिढ्या घडवल्या. कातड्यासाठी गुरे मारण्याची एक रीत त्यात वर्णिली आहे. मडक्यात नाग आणि केळे कोंडायचे, मडके तापवायचे, चवताळलेला नाग केळ्याला दंश करतो, मग तो गर चिंधीला फासून जनावराच्या गुदद्वारात सारायचा. गुरांच्या बाबतीत ज्यांना हे सुचले, त्यांना माणसांच्या बाबतीत सुचले नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु संशय असणे वेगळे आणि विवरणपत्रात त्याला जागा असणे वेगळे. ती जागा कधीच आखली गेली नाही.

आपल्या भाषेनेही या मृत्यूला एक वेगळे वळण दिले आहे. महाराष्ट्रापासून दूर दिल्ली, भोपाळ वा बंगळूर येथे वाढलेल्या पिढीला कदाचित माहीत नसेल; पण गावाकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत. ‘जनावर दिसलं’, ‘लांबडं निघालं’ असे म्हणतात. आणि दंश झाला तर ‘पान लागलं’. या शब्दयोजनेत भीती आहे, आदर आहे आणि थोडी शरणागतीही आहे. पान लागले म्हणजे ते लागायचेच होते. ज्या घटनेचे नावच असे कर्त्याविना घेतले जाते, तिथे कर्ता शोधायला कोण जाणार?

कर्ता शोधला गेल्याचे अलीकडचे उदाहरण केरळचे आहे. कोल्लम जिल्ह्यातील अंचल येथे ७ मे २०२० रोजी सकाळी एक पंचवीस वर्षांची विवाहिता माहेरी अंथरुणात मृतावस्थेत आढळली. खोलीत नाग सापडला. तो मारून पुरण्यात आला. टाळेबंदीचे दिवस होते. कारण उघड होते, सापही समोर होता. एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर कोणालाही नवल वाटले नसते.

परंतु आईवडिलांना नवल वाटले. त्याच मुलीला २ मार्च २०२० रोजी सासरी घोणस डसली होती. सुमारे पन्नास दिवस ती रुग्णालयात होती, आणि त्या दुखण्यातून पूर्ण सावरण्यापूर्वीच हा दुसरा दंश झाला. खोली वातानुकूलित, खिडक्या बंद. आणि त्या रात्री जावई मुक्कामाला होता. लग्नात सोने, मोटार आणि रोख रक्कम दिलेली होती. त्यांनी पोलीस अधीक्षकांकडे तक्रार केली आणि तपास सुरू झाला.

पुढचा तपास कोणत्याही रहस्यकथेहून सरस आहे. त्याचे मर्म मात्र चमत्कारात नसून साध्या प्रश्नांत आहे. साप कोणता? त्याची लांबी किती? तो या खोलीत कसा येईल? पुरलेला नाग उकरून त्याचे शवविच्छेदन केले गेले. घोणस जमिनीवर वावरणारी, ती घरात इतक्या सहज वर कशी चढली, हा प्रश्न सर्पतज्ज्ञांना विचारला गेला. नागाचे दोन्ही दंश हातावर जवळजवळ एकाच जागी कसे, हेही विचारले गेले. मग वनखात्याच्या प्रशिक्षण संस्थेत मानवी पुतळ्यावर जिवंत नागाचे प्रयोग झाले. नाग आपण होऊन डसतो तेव्हा दोन विषदंतांच्या खुणांतील अंतर दोन सेंटिमीटरच्या आत राहते. त्याचे डोके पकडून दाबले, तर दात फाकतात आणि अंतर वाढते. मृतदेहावरील खुणांचे अंतर दोन सेंटिमीटरहून अधिक होते. रासायनिक तपासणीत नागाच्या विषाबरोबर गुंगी आणणारे औषधही आढळले. साप विकणारा माफीचा साक्षीदार झाला. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी कोल्लमच्या सत्र न्यायालयाने पतीला दोषी ठरवले आणि दोन दिवसांनी दुहेरी जन्मठेप सुनावली.

याच महिन्यात राजस्थानातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सासूच्या सर्पदंशाने झालेल्या मृत्यूप्रकरणी सून व तिचे साथीदार यांच्यावर आरोप होता, आणि एका साथीदाराने जामीन मागितला होता. साप कोणाला डसेल हे कोणाच्या हाती नसते, असा बचावाचा सूर होता. न्यायालयाने जामीन नाकारला आणि गारुड्यांकडून साप आणून माणसे मारण्याचा नवा प्रकार सुरू झाल्याची नोंद घेतली. प्रकार नवा आहे, की तो दिसू लागणे नवे आहे, याविषयी मात्र मतभेदाला जागा आहे.

येथे मला १९८० च्या दशकाची आठवण होते. त्या काळी वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हच्या भडक्याने विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी इतकी नित्याची होती, की वाचणाऱ्याचा डोळा तिच्यावर ठरत नसे. स्टोव्ह खरोखरच भडकत असत, आणि म्हणूनच ती नोंद सोयीची होती. स्टोव्ह सासूसाठी आणि नणंदेसाठी का भडकत नाही, हा प्रश्न प्रथम स्त्री संघटनांनी आणि मुलींच्या आईवडिलांनी विचारला; सरकारी तक्त्याने नव्हे. त्या प्रश्नाचे फलित म्हणजे १९८३ ची दुरुस्ती. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला, किंवा तिच्या नातेवाइकांनी तशी मागणी केली, तर शव तपासणीसाठी पाठवण्याचे बंधन कलम १७४ मध्ये आले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. म्हणजे प्रशासनाने स्टोव्हवर संशय घ्यायला शिकण्याची रीत ठरवून दिली. केरळची ती मुलगी याच सात वर्षांच्या मर्यादेतली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग प्रत्येक सर्पदंशाकडे संशयाने पाहावे काय? माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण आकड्यांत आहे. भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाच्या सहकार्याने झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’ या पाहणीत घरोघर जाऊन मृत्यूची कारणे विचारण्यात आली. तिच्या आधारे २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्याआधी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि जेमतेम २३ टक्के रुग्णालयात झाले होते. या ५८ हजारांतील अगदी थोडे सोडले, तर बाकी सारे भातखाचरात, उसाच्या फडात, जमिनीवर अंथरूण घालून झोपलेले कष्टकरी आहेत. त्यांच्या दारी पोलिसाचा संशय धाडणे म्हणजे दुःखावर अन्याय लादणे होय. शिवाय व्यवहारातही ते उलटेल. चौकशीचा जाच दिसला, की लोक मृत्यू कळवणेच सोडतील.

आणि कळवणे आधीच अपुरे आहे. याच अभ्यासाने दाखवले, की २००३ ते २०१५ या काळात सरकारने रुग्णालयांतील सर्पदंशाचे सुमारे १५,५०० मृत्यू नोंदवले. अंदाजे संख्या १ लाख ५४ हजार होती. म्हणजे रुग्णालयात झालेल्या दहा मृत्यूंपैकी एकाचीच नोंद झाली. नऊ साधे मृत्यू जेथे हरवतात, तेथे एक असाधारण मृत्यू हरवला तर तो सापडणार कसा?

या चित्राची दुसरी बाजूही आहे. मध्य प्रदेशात सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये साहाय्य मिळते. सिवनी जिल्ह्यातील एक घोटाळा २०२५ मध्ये देशभर गाजला. सर्पदंश व तत्सम आपत्तींत ४७ जण २८० वेळा मृत दाखवून सुमारे ११ कोटी २६ लाख रुपये काढले गेल्याचे चौकशीत आढळले. केरळात साप खरा होता आणि मृत्यूही खरा होता, पण त्यांच्यामधला माणूस नोंदीत नव्हता. सिवनीत ना साप होता ना मृत्यू, पण नोंद मात्र परिपूर्ण होती. खुनी आणि कारकून, दोघांनीही एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला : ‘सर्पदंश’ हा शब्द लिहिला, की पुढे कोणी काही विचारत नाही. रत्नागिरीत फुरशांची मोजदाद करणाऱ्या कचेरीपासून हा धागा तुटलेला नाही. जेथे पैसा आहे तो रकाना भरतो. जेथे प्रश्न आहे तो रिकामा राहतो.

अलीकडे काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सर्पदंश हा नोंद सक्तीचा आजार ठरवण्यास सांगितले. हे सारे प्रतिविष वेळेवर पोचावे म्हणून आहे, आणि तेच प्राधान्य योग्य आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या संस्थांनी नाग, घोणस, मण्यार व फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष देशाला पिढ्यान् पिढ्या पुरवले. ते तालुक्याच्या रुग्णालयात असेल आणि ते टोचणारा हात तेथे असेल, तर बहुतेक माणसे वाचतात.

पण याच नोंदीतून दुसरे कामही फुकटात साधता येईल. दंश किती वाजता झाला? कोठे झाला, शेतात की बंद खोलीत? साप कोणी पाहिला, आणि तो कोणता होता? शरीरावर खुणा कोठे आहेत, त्यांत अंतर किती? याच माणसाला पूर्वी दंश झाला होता का? हे पाच प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही हवे असतात आणि प्रतिविषाचे नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्यालाही. ते सर्वांनाच विचारले गेले, तर कोणाचाही अपमान होत नाही. कारण नेहमीच्या प्रश्नात आरोप नसतो. आणि हजार साध्या उत्तरांच्या ओळीत एक विपरीत उत्तर आले, तर ते वेगळे दिसते. अंचलच्या मुलीच्या बाबतीत पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, नऊ आठवड्यांपूर्वी’ असे होते.

ते उत्तर कोणत्याही फॉर्मवर नव्हते. ते तिच्या आईवडिलांच्या तोंडी होते. त्यांनी ते पोलीस अधीक्षकांपर्यंत नेले आणि तेथे ते ऐकून घेतले गेले, म्हणून एक खून उघडकीला आला. ज्या मुलींचे आईवडील हयात नाहीत, ज्यांना अधीक्षकांच्या कचेरीचा रस्ता माहीत नाही, त्यांच्यासाठी तो प्रश्न फॉर्मवर छापलेला असणे आवश्यक आहे. एक रकाना वाढवायला खर्च फारसा येत नाही. फेरर यांनी तक्ता आखला, तेव्हा तो राहून गेला होता. आता नव्याने तक्ते आखले जात आहेत, तोवरच तो घालून घ्यावा.